दहा बाय आठचा शोक

माझ्या दुकानात माणूस मरत नाही. तो लिंगैक्य होतो, कैलासवासी होतो, वैकुंठवासी होतो, कालकथित होतो, पैगंबरवासी होतो, ख्रिस्तवासी होतो, आणि यातलं काहीच ज्याच्या घरच्यांना नको असतं त्याचं दुःखद निधन होतं. जुळे सोलापुरात माझं फ्लेक्सचं दुकान आहे, प्रभु डिजिटल. सोळा वर्षांत मी इतक्या लोकांना श्रद्धांजली वाहिली, की माझ्या घरातलं कुणी गेलं तर मला पहिल्यांदा साइझ आठवेल असं माझी बायको म्हणते. तिचं फारसं चुकत नाही.

शब्दांची एक यादी मी काउंटरमागे चिकटवून ठेवली आहे. ती शहाणपणातून आलेली नाही, मार खाता खाता वाचलो त्यातून आली. धंद्याच्या पहिल्याच वर्षी अक्कलकोट रोडवरच्या एका व्यापाऱ्याच्या फ्लेक्सवर मी 'स्वर्गवासी' टाकलं. त्याचा मुलगा दुकानात येऊन म्हणाला, "आमचे बाबा स्वर्गात कशाला जातील? ते लिंगैक्य झालेत. काढ ते." तेव्हापासून मी छापायच्या आधी विचारून घेतो. आता दुःखातल्या माणसाला तोंडावर जात कशी विचारायची? म्हणून मी विचारतो, "विधी कुठला ठेवलाय?" शिवगणाराधना म्हणाला की लिंगैक्य. जलदान विधी म्हणाला की कालकथित. तेरावा म्हणाला की कैलासवासी. एका प्रश्नात जात कळते आणि विचारणारा सोज्वळ राहतो. आपल्याकडे ही कला सगळ्यांनाच येते, मी फक्त तिचा धंदा केला.

या यादीचं मूळ बिराजदार सरांच्या वर्गात आहे. सिद्धलिंगप्पा बिराजदार, आमचे हायस्कूलचे इंग्रजीचे सर. आठवड्याला एक क्रियापद घ्यायचे आणि त्याचं पार चिपाड करायचे. एका आठवड्यात 'डाय' होतं. फळ्यावर त्यांनी चौदा शब्द लिहिले होते: एक्सपायर, पास अवे, पेरिश, ब्रीद वन्स लास्ट, आणि असेच. परीक्षेत सांत्वनपर पत्र आलं. मित्राचे वडील वारले आहेत, त्याला लिहा. मला चौदातला एकच शब्द लक्षात राहिला होता, म्हणून मी लिहिलं, तुझ्या वडिलांनी किक द बकेट केल्याचं ऐकून फार वाईट वाटलं. सरांनी मारलं नाही. उभं करून विचारलं, "प्रभु, बादलीला लाथ तुझ्या मित्राच्या वडिलांनी मारली, की तू?" वर्ग महिनाभर हसत होता.

सरांनी चाळीस वर्षांपूर्वी शालनबाईंशी रजिस्टर लग्न केलं. सर लिंगायत, घरचं भुसारचं दुकान. बाई बौद्ध, सरकारी दवाखान्यात नर्स. सरांच्या भावांनी त्या दिवसापासून दार बंद केलं. बाईंच्या माहेरच्यांचं म्हणणं, आमच्या पोरीला ज्या घरात मान नाही त्या घरात आम्ही कशाला पाय ठेवायचा? बाईंचा थोरला भाऊ धोंडिराम तेवढा तिला भेटायचा, तोही दवाखान्याच्या कँटीनमध्ये. घरी कधी नाही. मूलबाळ झालं नाही. रिटायर झाल्यावर बाई सकाळी सात ते नऊ घराच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायच्या. येणाऱ्यानं डॉक्टरांची चिठ्ठी दाखवायची, इंजेक्शन घ्यायचं, जायचं. पैसे घेत नसत. आसपासच्या पाच-सात कॉलन्यांमधले म्हातारेकोतारे यायचे. इन्शुलिनवाले तर रोज.

त्या शालनबाई एका दुपारी झोपेत गेल्या. चौथ्या दिवशी सर माझ्या दुकानात आले. शर्टाचं बटण एक घर चुकलेलं होतं.

"प्रभु, गेटवर लावायला एक पाटी हवी," ते म्हणाले.

"कसली सर?"

"गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिच्याकडे येणारे गल्लीतले नाहीत. आज सकाळपासून सात जण बेल वाजवून गेले. बाई आहेत का विचारतात. मी सातही जणांना सांगितलं, आतल्या खोलीत आहेत, उद्या या."

मी स्टूल पुढं सरकवलं.

"मला सांगता येत नाही रे. तोंड उघडतो आणि भलतंच बाहेर येतं. आता ते उद्या परत येतील. तू लिहून दे. वाचतील आणि जातील."

"काय लिहू?"

एका क्रियापदाचे चौदा शब्द फळ्यावर लिहिणारा माणूस माझ्या स्टुलावर बसून जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुला बरोबर वाटेल ते लिही. वाचणाऱ्याला कळलं पाहिजे आणि त्यानं बेल वाजवू नये. दुसरं काही नको."

दोन बाय एक फुटाची पाटी. पाच मिनिटांचं काम होतं. मी टाइप करायला घेतलंही होतं, तेवढ्यात दारात पांढरी गाडी थांबली आणि सोमशेखर उतरला.

सोमशेखर म्हणजे सरांचा पुतण्या. त्यानं काकाच्या घरात आयुष्यात पहिल्यांदा पाऊल टाकलं ते काकू गेल्या त्या दिवशी. महापालिकेला उभं राहायचं त्याचं घाटत होतं, आणि वॉर्डात बौद्ध वस्तीची मतं बरीच. एवढी वर्षं जी काकू घराण्याला कलंक होती ती एका दुपारीत सामाजिक समतेचं प्रतीक झाली होती.

स्क्रीनवर बघून तो म्हणाला, "काका, पाटी कसली लावालाव? दूध बंद करायचं असलं की पाटी लावतात. काकूंचा मान राहिला पाहिजे की. दहा बाय आठचा फ्लेक्स मारू, कंपाउंडला."

"लोकांना कळलं म्हणजे झालं," सर म्हणाले.

"दहा बाय आठ म्हणजे आंधळ्याला पण कळंल की."

सरांनी मान हलवली. चार रात्री न झोपलेला माणूस कशालाही मान हलवतो. माझं मात्र चुकलं. ती पाटी छापून त्यांच्या हातात द्यायला मला पाच मिनिटं लागली असती आणि मी ती दिली नाही, कारण दहा बाय आठ हे मोठं काम होतं.

पहिली ओळ सोमशेखरनं उभ्या उभ्या सांगितली: लिंगैक्य सौ. शालनताई. ती टाइप होईस्तोवर कुणीतरी बाईंच्या भावाला, धोंडिराममामांना कळवलंच. मामा रेल्वेत फिटर होते, आता रिटायर, हातात कायम फूटपट्टी ठेवायची जुनी सवय. ते आले ते सरळ स्क्रीनसमोर.

"हे काय लिवलंय?"

"मामा, आमच्यात असंच लिहितात," सोमशेखर म्हणाला.

"तुमच्यात लिवत असतील. माजी बहीन कालकथित झाली. तुमी चाळीस वर्सांत तिच्या गळ्यात इष्टलिंग घातलं का? घरात तरी घेतलं का? मग आता लिंगात कुटनं गेली ती?"

सोमशेखर म्हणाला, "मामा, भावना समजून घ्या की."

मी मध्ये पडलो. यादी लिहिणाऱ्याला प्रत्येक भांडण यादीतून मिटेल असं वाटतं. मी म्हणालो, दोन्ही टाकू. मग वर कुठला आणि खाली कुठला यावर एक दिवस गेला. शेजारी शेजारी ठेवले तर डावीकडे कुठला यावर दुसरा. शेवटी मामांनी स्क्रीनला फूटपट्टी लावली आणि लिंगैक्य हा शब्द कालकथितपेक्षा दोन सूत जाड दिसतोय असं जाहीर केलं. सोमशेखर म्हणाला, जोडाक्षर आहे, जाड दिसणारच. मामा म्हणाले, मग आमच्याला पन जाड करा.

मी दुःखद निधन सुचवलं. सोमशेखरला 'दुःखद' नको होतं, आपल्या फोटोजवळ तो शब्द बरा दिसत नाही म्हणाला. त्याच्या एका कार्यकर्त्यानं 'रेस्ट इन पीस' टाकू म्हणून सांगितलं. मामांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो चहा आणायला गेला. अखेर कुणालाच ज्यात खोट काढता येईना असे दोन शब्द सापडले: विनम्र अभिवादन. दोन्हीकडच्यांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. जयंतीलाही हेच छापतात आणि पुण्यतिथीलाही हेच, हे मला ठाऊक होतं, पण दोन दिवस माझं मशीन अडलं होतं. मी गप्प बसलो.

मग नाव. बिराजदार लिहायचं की माहेरचं बनसोडे, हा वाद मला अपेक्षित होता. सोमशेखरनं त्याहून पुढची गोष्ट काढली.

"आमच्यात सुनेचं नाव बदलतात. श्रीदेवी लिहा."

"कुनी बदललं?" मामांनी विचारलं.

"आजीनं मनात ठरवलं होतं म्हणे. प्रसंग आला नाही, एवढंच."

मामांनी फूटपट्टी काउंटरवर आपटली. मी घाईघाईनं म्हणालो, नावाचं उद्या ठरवा, बाकीचं उरकून घेऊ. आमच्या कॉम्प्युटरवर पानाच्या भोवती मोकळी जागा असते. ज्या गोष्टीवर वाद आहे ती तिथं सरकवून ठेवायची आणि मिटला की आत ओढायची. शालनबाईंचं नाव मी तिथं सरकवलं.

बाकीचं म्हणजे शोकाकुल. 'दुःखद'सारखाच तो मथळाही सोमशेखरनं उडवला, नुसती नावं ठेवली. सोमशेखरची एक्केचाळीस नावं आली, मामांकडची अडतीस. मामांनी आणखी तीन आणली. मित्रमंडळं आली, तरुण मंडळं आली. वरच्या पट्टीत दोन्हीकडचे मिळून सात नेते हसत बसले. खाली उजव्या कोपऱ्यात सोमशेखर हात जोडून उभा; तो फोटो त्यानं दिवाळीच्या शुभेच्छांसाठी काढलेला होता, त्यामुळे प्रसन्न होता. आता बाईंचा फोटो. युनिफॉर्ममधला मामांना हवा होता, साडीतला सोमशेखरला. तडजोड म्हणून रिटायरमेंटच्या सत्काराचा घेतला: बाई साडीत, खांद्यावर शाल, हातात गुच्छ, शेजारी दवाखान्याची पाटी. बाई त्यात मनापासून हसल्या होत्या. सरांचं नाव शोकाकुलांमध्ये तेविसावं होतं. ते वर न्यायचं तर बावीस जणांना खाली आणावं लागलं असतं.

या सगळ्यात सहा दिवस गेले. सर रोज सकाळी साडेनऊला, शेवटचा माणूस गेटवरून परत गेला की फोन करायचे.

"प्रभु, झालं का रे?"

"होतंय सर. उद्या नक्की."

"आज पाच जण आले होते."

"तुम्ही काय सांगितलं?"

"तेच. उद्या या."

ते लोकांना उद्या सांगत होते आणि मी त्यांना. फोन ठेवला की मला स्वतःचा राग यायचा. मग सोमशेखरचा मेसेज यायचा, तिसऱ्या ओळीत अमक्याच्या नावापुढं 'भाऊ' राहिलं, आणि राग जाऊन मी कामाला लागायचो.

दहाव्या दिवशी या फ्लेक्ससाठी काढलेल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फायनल टाकलं. अंगठ्यांचा पाऊस पडला. प्रत्येकानं मोठं करून बघितलं होतं, प्रत्येकानं आपापलं नाव बघितलं होतं. संध्याकाळी मशीनमधून फ्लेक्स निघाला, सोमशेखरच्या कार्यकर्त्यांनी तो सरांच्या कंपाउंडला ताणून बांधला, फोटो काढून ग्रुपवर टाकला. शंभरभर लोकांनी हात जोडले.

मी तो फोटो अकराव्या दिवशी सकाळी चहा पिताना बघितला. रंग नीट आलेत का म्हणून मोठा केला. नेते बघितले, सोमशेखर बघितला, शोकाकुल वरपासून खालपर्यंत वाचले. मग बाईंचा फोटो बघितला, आणि त्याच्याखाली नाव नव्हतं. कुठंच नव्हतं. नव्वदेक माणसांची नावं होती आणि जिच्यासाठी ती जमली होती तिचं नाव पानाबाहेर तसंच पडून होतं. वाद मिटलाच नव्हता, म्हणून कुणी आत ओढलं नव्हतं. दुसऱ्या कुणावर ढकलायलाही जागा नव्हती. पान माझं होतं.

दुकान उघडलं, कुणाला न विचारता चार फुटांची पट्टी छापली, 'शालन बिराजदार', शिडी गाडीला बांधली आणि सव्वासातला सरांच्या गेटवर पोचलो.

तिथं दानम्मा उभी होती. चार घरी पोळ्या करणारी बाई, मूळची अक्कलकोटच्या पलीकडची, शुगरची पेशंट. हातात बर्फाच्या पिशवीत इन्शुलिनची बाटली. पंधरा दिवस मुलीकडं गेली होती, कालच परतली. ती मान वर करून फ्लेक्स बघत होती आणि तिचा चेहरा आनंदानं फुलला होता. मी गाडी स्टँडला लावेपर्यंत तिनं बेल दाबली.

सर बाहेर आले. बनियनवर, दाढी वाढलेली.

"सर, बाईचा फोटो लई झ्याक आलाय की," दानम्मा म्हणाली. "ही एवढी मोठी मोठी मान्सं. बाई विलेक्शनला उभारल्यात व्हय?"

सर गेटपर्यंत आले.

"उभारू द्या की. आमच्या गल्लीतली सगळी मतं बाईलाच. मी सांगते समद्यास्नी. हायत का आत? बोलवा की, पेढा तरी मागते."

मी शिडी सोडायला वाकलो होतो तो तसाच राहिलो. मला वाटलं, आता सर म्हणतील, आत आहेत, उद्या या. त्यांचं तोंड उघडलं आणि मिटलं. गेटची कडी त्यांनी घट्ट धरली होती.

"दानम्मा," ते म्हणाले, "शालन मेली."

दानम्माला कळलं नाही असं वाटलं. तिनं एकदा फ्लेक्सकडे बघितलं, एकदा सरांकडे.

"मेली ती. अकरा दिवस झाले. दुपारी झोपली, ती उठलीच नाही."

"अय्यो," दानम्मा म्हणाली, "अय्यो अक्का," आणि गेटच्या पायरीवर बसून तिनं जो गळा काढला तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला. इन्शुलिनची पिशवी मांडीवरून घसरली तरी तिला भान नव्हतं. कानडीत ती काय म्हणत होती ते मला अर्धवटच कळलं, पण बाईंचा हात किती हलका होता, सुई टोचलेली कळायची नाही, असं काहीसं होतं. आठवडाभर मी त्या घराच्या नावानं काम करत होतो. तेवढ्या दिवसांत तिथं मोठ्यानं रडलेलं मी पहिलं माणूस बघत होतो.

सर तिच्याशेजारी पायरीवर बसले. आधी नुसते बसले. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि आमचे सर, ज्यांचा आवाज वर्गात कधी चढला नाही, लहान मुलासारखे हुंदके देत रडले. मीही रडलो. लाज वाटत होती म्हणून रडलो, आणि बाईंसाठीही.

रडू ओसरलं. दानम्मानं पदरानं तोंड पुसलं, पिशवी उचलली. मी पट्टी उलगडून सरांना दाखवली. म्हणालो, "सर, माझ्या हातून नाव राहिलं. आत्ता चिकटवतो."

सरांनी पट्टीवरचं नाव वाचलं. एवढ्यात गेटशी स्कूटर थांबली. हातात डॉक्टरांची चिठ्ठी घेतलेला एक वयस्कर माणूस उतरला, फ्लेक्सकडे बघत आला आणि मीच समोर दिसलो म्हणून मला विचारलं, "शालनबाई आहेत का?"

मी तोंड उघडलं. सोळा वर्षांची यादी एकदम जिभेवर आली आणि त्यातला कुठला शब्द उचलावा ते मला कळेना. "बाईंचं..." एवढंच म्हणून मी थांबलो.

सर पायरीवरून उठले. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, कडी काढून गेट उघडलं.

"तू राहू दे प्रभु," ते म्हणाले. "आता येईल त्याला मी सांगतो."